घरातलं प्लंबिंगचं छोटं-मोठं काम स्वतः करताना कोणत्या युक्त्या कामी येतात?

तुम्ही विचारलंय की नळ ठिपकणं, बेसिनखाली गळणं, मोरी तुंबणं असली रोजची कामं स्वतः कशी निस्तरायची. आणि पुढे असंही लिहिलंय की बेसिनखालच्या लवचिक पाईपच्या जोडाला टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, पाना लावून पिळलं, तरी गळती थांबत नाही. मी हेच काम करतो. आधी तुमच्या गळक्या जोडाबद्दल बोलतो, कारण तो उलगडला की बाकीचं बरंचसं सोपं होतं.

कुठल्याही जोडाला हात लावण्याआधी मी एवढंच बघतो: इथे पाणी अडवतंय कोण? घरातल्या बहुतेक जोडांत हे काम तिघांपैकी एक जण करतो. आट्यांत भरलेली टेप, नटाच्या आत बसलेलं रबरी वॉशर, किंवा प्लास्टिकच्या पाईपला फिटिंगशी एकजीव करणारं सोल्युशन. अँगल कॉकपासून (भिंतीतून निघणारा, पाणी बंद-चालू करायचा छोटा कॉक) नळापर्यंत जाणाऱ्या लवचिक कनेक्शन पाईपच्या नटात वॉशर असतं. तिथले आटे फक्त वॉशर दाबून धरतात. त्यांच्यावर टेप चढवली की नट जड फिरायला लागतो, घट्ट बसला असं हाताला वाटतं, आणि वॉशर मात्र पुरतं दाबलेलंच नसतं. म्हणजे टेपमुळेच जोड गळत असण्याची शक्यता जास्त. टेप सगळी काढा, वॉशर बाहेर काढून बघा. रबर कडक झालं असेल, कडेला चीर असेल किंवा एका बाजूने चेपलं असेल तर बदला. आटे पुसून कोरडे करा, नट हाताने जातो तिथपर्यंत चढवा आणि मग पान्याने पाव फेरा द्या. पाणी सोडल्यावर थेंब दिसला तर आणखी जरासा. त्यापुढे पिळलं तर वॉशर फाटतं किंवा नटच तडकतो.

त्याच अँगल कॉकचं भिंतीत जाणारं टोक मात्र आट्यांवरच पाणी अडवतं. तिथे टेप हवीच, आणि ती कशी गुंडाळली यावर सगळं अवलंबून. आट्यांचं तोंड तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर फिटिंग आत जाताना टेप सुटत मागे सरकते आणि जोडाबाहेर तिचा बोळा जमतो. टोकाचा एक आटा उघडा ठेवा, म्हणजे फिटिंग सरळ धरतं आणि टेपचे तुकडे पाण्यात जात नाहीत. टेप ताणून लावा; आट्यांचे उंचवटे तिच्यातून स्पष्ट दिसायला हवेत. टेप जाड असली तर तीन-चार वेढे पुरतात, पातळ असली तर साधारण दुप्पट.

आणि एक खोड बहुतेकांना असते. फिटिंग आवळून झालं, पण तोंड किंचित तिरकं राहिलं, की ते सरळ करायला मागे फिरवतात. दबलेली टेप परत फुगत नाही. मागे फिरवलं की तिथे बारीक वाट राहते आणि जोड झिरपायला लागतो. तोंड सरळ करायचं असेल तर पुढेच फिरवा. पुढे जात नसेल तर सगळं काढा, आट्यांतली जुनी टेप खरवडा, एखादा वेढा कमी किंवा जास्त करून पुन्हा बसवा. काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निपल (दोन्ही टोकांना बाहेरून आटे असलेला छोटा पाईप) पिळू नका. आटे टोकाकडे निमुळते असतात, त्यात टेपची भर पडते आणि बाहेरचं प्लास्टिक उभं चिरतं. कधी लगेच, कधी बऱ्याच दिवसांनी. धातूच्या आत प्लास्टिकचे आटे चालतात. उलटं करावंच लागलं तर आत पितळी आटे बसवलेलं फिटिंग घ्या.

मापाचंही एक कोडं आहे. अर्धा इंची आट्यांची बाहेरून जाडी मोजली तर ती सुमारे 21 मिमी भरते आणि पाऊण इंचीची 26 मिमीच्या आसपास. मोजपट्टी लावून अर्धा इंची निपलला पाऊण इंची समजणारे खूप भेटतात. जुना तुकडा खिशात घालून दुकानात न्या, प्रश्नच मिटतो.

आता गळती शोधण्याबद्दल. पाणी जिथे ठिपकतं तिथून ते निघालेलं असतंच असं नाही. ते पाईपच्या पाठीवरून, नटाच्या कडेवरून ओघळत खाली येतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून बेसिनखालचं सगळं आधी कापडाने कोरडं करा. मग कोरड्या टिश्यू पेपरचा तुकडा घेऊन वरून खाली एकेका जोडाभोवती फिरवा. बोटाला न जाणवणारी ओलही कागदावर लगेच डाग पाडते. पहिला डाग जिथे पडला तो जोड दोषी. दोन्ही प्रकारे तपासा: एकदा नळ बंद ठेवून, एकदा बेसिन भरून बुच काढल्यावर. नळ बंद असतानाच ओल दिसली तर दाबाच्या बाजूला, म्हणजे कनेक्शन पाईप किंवा अँगल कॉकला गळती आहे. बेसिन रिकामं होतानाच दिसली तर वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसवलेला जोड) किंवा ट्रॅप (त्याखालचा, थोडं पाणी धरून ठेवणारा भाग) बघा. ही एवढी तपासणी केली नाही तर चांगला जोड उघडून बसाल.

भिंतीत किंवा जमिनीखाली गळतंय असा संशय असेल तर सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि तासाभराने परत बघा. आकडा सरकला तर पाणी कुठेतरी जातंय. टाकीवरून पाणी येत असेल तर टाकीत येणारं पाणी बंद ठेवून पातळीवर खूण करा.

काम सुरू करताना मेन व्हॉल्व्ह बंद करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. तो फिरत नाही, हे ऐन वेळी कळतं. वर्षानुवर्षं उघडा राहिलेला गेट व्हॉल्व्ह (चाक फिरवून बंद होणारा) क्षार धरून बसतो. दोन-तीन महिन्यांतून एकदा बंद करून परत उघडा, आणि पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणून ठेवा. बंद करूनही थेंबथेंब पाणी येतच राहिलं तर ज्या जोडावर काम आहे त्याच्यापेक्षा खालचा एखादा नळ उघडा. पाणी तिकडून जाईल आणि तुमचा जोड कोरडा राहील. बेसिनवर काम करताना भोकात कापडाचा बोळा घाला. स्क्रू नेमका तिथेच पडतो. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडत जा, मधेमधे फोनवर फोटो काढा. क्रोमच्या नळाला पान्याचे दात लागू नयेत म्हणून मधे जाड कापड धरा. आणि भिंतीतला जोड उघडायचा असेल तर दोन पाने वापरा, एकाने मागचं फिटिंग धरून ठेवायचं, दुसऱ्याने पुढचं फिरवायचं. एकाच पान्याचा सगळा पीळ भिंतीतल्या पाईपवर जातो, आणि तिथे काही मोडलं की टाइल फोडण्यावाचून गत्यंतर नसतं.

नळाच्या गळतीत आधी जागा बघा. तोंडातून ठिपकत असेल तर आतलं वॉशर किंवा ते ज्या कडेवर बसतं ती बैठक खराब आहे. मुठीखालून, दांड्याच्या कडेने पाणी येत असेल तर वॉशर बदलून काही होणार नाही. ग्लँडचा, म्हणजे दांड्याभोवतीचा नट जरा आवळा, नाहीतर तिथली ओ-रिंग (रबरी कडं) किंवा पॅकिंग बदला. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वॉशरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात. त्यांच्यात वाळूचा कण गेला की चरे पडतात. अशा वेळी आख्खा स्पिंडलच, म्हणजे मुठीखालचा फिरणारा भाग, बदलायचा. जुन्याचे दाते आणि लांबी जुळवून आणायचा. जुन्या पद्धतीच्या नळात नवीन वॉशर टाकूनही ठिपकणं राहिलं तर बैठकीवरून बोट फिरवा. खडबडीत लागली तर ती घासून सपाट करायचं छोटं हत्यार मिळतं. ठिपकणारा नळ जोर लावून बंद करणं सोडा, त्याने वॉशर आणखी चिरतं. थेंबांनी कितीसं पाणी जातं असं वाटत असेल तर नळाखाली दहा मिनिटं मोजपात्र ठेवा आणि जमलेल्या पाण्याला 144 ने गुणा. 100 मिली जमलं तर दिवसाचं झालं 14.4 लिटर.

नळाला धार कमी येते अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक जण मोटर किंवा मोठी टाकी घ्यायच्या विचारात असतात. आधी नळाच्या तोंडाची जाळी काढून नळ सोडा. धार सुधारली तर दोष जाळीचा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, क्षार सुटतात, मग जुन्या टूथब्रशने घासा. पाईपचं कुठलंही काम झाल्यावर पाणी सोडण्याआधीही जाळी काढूनच ठेवावी, म्हणजे टेपचे तुकडे आणि कचरा मोकळा वाहून जातो. जाळी साफ आणि तरीही सगळ्याच नळांना दाब कमी असेल तर टाकीची उंची बघा. पाण्याचा दाब उंचीने ठरतो: दर 10 मीटरला सुमारे 1 बार (दाबाचं माप). टाकी शॉवरच्या 3 मीटर वर असेल तर मिळणार 0.3 बारच, मग टाकी 500 लिटरची असो की 2000 ची.

तुंबलेल्या बेसिनला पंप मारताना लोक दोन गोष्टी विसरतात. बेसिनच्या कडेखाली जादा पाणी जाण्यासाठी भोक असतं, ते ओल्या कापडाने बंद केलं नाही तर सगळा जोर तिथून निसटतो. आणि पंपाची रबरी वाटी बुडेल एवढं पाणी बेसिनमध्ये हवं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ढकलण्याइतकाच ओढण्यावर भर द्या, कारण आत अडकलेला केसांचा गुंता ओढल्यानेच सुटतो. तरी जमलं नाही तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा खालचा भाग हाताने फिरवून काढा. बेसिनचा बराचसा गाळ तिथेच असतो.

ड्रेन साफ करणाऱ्या पावडरींबद्दल मी फारसा उत्साही नाही. त्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो, तो पाण्यात पडताच प्रचंड तापतो. टाकलीच तर त्यानंतर पंप मारू नका, डोळ्यांत उडेल. आणि त्यावर ॲसिड ओतू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. उकळतं पाणीही पीव्हीसीच्या वेस्ट पाईपमध्ये ओतू नये. साधारण 60 अंशांपुढे तो पाईप नरम पडून वाकतो आणि जोड सुटतात.

बाथरूममधून गटाराचा वास येतोय आणि तुंबलेलं काहीच नाही? बरेच दिवस न वापरलेल्या नहाणी ट्रॅपमध्ये (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालचा ट्रॅप) तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमध्ये 50 मिमीच्या आसपास पाणी उभं असतं, तेच वास अडवतं, आणि ते सुकतं. घर बरेच दिवस बंद राहणार असेल तर त्या पाण्यावर थोडं तेल सोडा, सुकायला वेळ लागतो.

फ्लश टँक आतून झिरपतोय का हे बघायला टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला आणि टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाण्याच्या नळीत पडत नसेल, तर तळाचं रबर गेलंय. पाणी त्या नळीत पडत असेल तर फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली आणा. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या नळीपेक्षा साधारण एक इंच खाली थांबायला हवी.

सीपीव्हीसी पाईप (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा) जोडायचा असेल तर काप काटकोनात घ्या, कडेचे बुरे काढा, आधी कोरडाच बसवून खूण करा. पाईप आणि फिटिंग दोन्ही सुके हवेत. सोल्युशन लावल्यावर पाव फेरा देत आत ढकला आणि अर्धा मिनिट तसंच दाबून धरा. सोडलं तर पाईप आपसूक मागे सरकतो, कारण फिटिंगचं तोंड आतून निमुळतं असतं. यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाईपचं) सोल्युशन सीपीव्हीसीला चालत नाही. पाणी सोडायची घाई करू नका, डब्यावर लिहिलेली वेळ पाळा.

गीझर मात्र स्वतःच्या यादीतून वगळा. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडंफार ठिपकणं ठीक आहे. ते बंद करायला तिथे बुच मारलं तर आतला दाब वाढून टाकी फुटू शकते. सारखी धार लागली असेल तर आधी वीज बंद करा, मग जाणत्या माणसाला बोलवा. भिंतीत गाडलेल्या डायव्हर्टरचंही (पाणी नळाकडे की शॉवरकडे जाईल हे ठरवणारा कॉक) तेच. त्याची प्लेट उघडून आतलं कार्ट्रिज बदलणं जमेल, पण त्याची बॉडीच गळत असेल तर तिथून पुढे आम्हाला काम करू द्या.