‘एबीसीडी २’ पहिल्या भागापेक्षा सरस आहे का, आणि त्याबद्दल प्रेक्षकांची मते इतकी टोकाची का?

तुम्ही लिहिले आहे की ‘एबीसीडी २’ हा हिंदी नृत्यपट तुमच्या मुलाने चार वेळा पाहिला, तुम्हाला मात्र त्यातली कथा पोकळ वाटली, आणि ओळखीतल्या माणसांमध्येही असेच दोन तट पडलेले दिसतात. मी गेली अठरा वर्षे विरारमध्ये नृत्याचा क्लास चालवतो आणि या दोन्ही भागांबद्दल विद्यार्थी, पालक आणि सहकारी काय बोलतात ते सतत ऐकत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत आधीच सांगतो: भव्यता आणि तयारी या बाबतींत दुसरा भाग वरचढ आहे, पण नाचाशी इमान राखले आहे ते पहिल्याने.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या पहिल्या भागात दिग्दर्शक रेमो डिसूझा यांनी एक धाडस केले होते. प्रभुदेवा, गणेश आचार्य आणि के. के. मेनन सोडले तर मुख्य भूमिकांमध्ये धर्मेश येलांडे, सलमान युसूफ खान, पुनीत पाठक यांच्यासारखी दूरचित्रवाणीवरच्या नृत्यस्पर्धांतून पुढे आलेली मुले होती. त्यांचा अभिनय कच्चा होता, काही संवाद तर पाठ केल्यासारखे वाटत होते, हे मान्य करावेच लागेल. पण ती नाचायला लागली की कॅमेऱ्याला काहीही लपवावे लागत नव्हते. दुसऱ्या भागात, म्हणजे १९ जून २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटात, मध्यभागी वरुण धवन आणि श्रद्धा कपूर आले आणि धर्मेश, पुनीत, राघव जुयाल हे त्यांच्या मागे उभे राहिले. मतभेदाचे मूळ मला इथेच दिसते. ज्यांना पडद्यावर नायक-नायिका हवे होते त्यांना हा बदल आवडला, आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेला गल्ला पाहता असे प्रेक्षक पुष्कळ होते. जे नाच पाहायला आले होते त्यांना मात्र उत्तम नर्तक दुसऱ्या रांगेत पाहून चुटपुट लागली.

वरुण आणि श्रद्धा यांनी मेहनत कमी केली असे मी कधीच म्हणणार नाही. दोघांच्याही अंगात ती दिसते. अडचण वेगळी आहे. समूहनृत्याची सगळी गंमत फॉर्मेशनमध्ये असते: वीस जणांची रांग एका काउंटवर, म्हणजे तालाच्या एका मोजलेल्या ठोक्यावर, फुटते, दुसऱ्या काउंटवर त्रिकोण होतो, आणि हे समोरून, थोड्या अंतरावरून, सलग पाहिले तरच कळते. नायकाचा चेहरा दाखवायचा म्हटले की कॅमेरा पुढे जातो, दृश्य तुटते, आणि परत मागे येईपर्यंत ती रचना होऊन गेलेली असते. माझी एक विद्यार्थिनी मध्यंतरात मला म्हणाली होती, “सर, स्टेप कुठे संपली तेच दिसलं नाही.” समीक्षकांनी कथेला नावे ठेवली, पण माझी या चित्रपटाविषयीची खरी तक्रार संकलनाची आहे.

आता कथेकडे येतो, कारण तिच्याबद्दल आमच्या भागातले मत बाहेरच्यांपेक्षा निराळे आहे. हा चित्रपट सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंटेरो यांच्या वसई-नालासोपारा पट्ट्यातल्या ‘फिक्टिशस’ या ग्रुपवरून प्रेरित आहे, आणि त्याची सुरुवात एका अपमानाने होते: स्पर्धेत एका परदेशी ग्रुपचे नृत्य उचलल्याचा ठपका बसतो आणि मुलांना गावभर ‘चोर’ म्हणून हिणवले जाते. अनेकांना हा प्रसंग ठरावीक वाटला. मी तो वसईच्या चित्रपटगृहात माझ्या चौदा विद्यार्थ्यांबरोबर पाहिला. तोवर प्रत्येक ठेक्यावर शिट्ट्या मारणारी ती रांग एकदम गप्प झाली. माझ्या शेजारचा मुलगा पायाने काउंट धरत होता, त्याचा पाय थांबला. त्याला कारण होते. त्या वर्षांत लहान क्लासमधली जवळजवळ प्रत्येक कोरिओग्राफी इंटरनेटवरच्या परदेशी व्हिडिओंवरून उचललेली असे, आणि शिकवायला दुसरे कोणी नसल्यामुळे प्रेरणा कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. माझ्या पहिल्या वार्षिक कार्यक्रमातला शेवटचा नाचही तसाच उचललेला होता. त्या मुलांच्या दृष्टीने हा प्रसंग पोकळ नव्हता, उलट फार जवळचा होता.

म्हणूनच या चित्रपटाच्या पुढच्या कथानकाबद्दल आमची नाराजीही जास्त आहे. मुले स्पर्धेसाठी जातात त्या लास व्हेगासची रोषणाई भरभरून दाखवली आणि नालासोपारा मात्र ओझरता. दिवसभर नोकरी, रात्री गर्दीच्या लोकलमधून उतरून थेट इमारतीच्या गच्चीवर तालीम, दहा वाजले की खालच्या मजल्यावरची तक्रार, आणि बुटांसाठी वर्गणी, हे सगळे सविस्तर दाखवले असते तर ‘कथा नाही’ असे म्हणायला कुणाला वाव राहिला नसता. शेवटच्या ‘वंदे मातरम्’वर काही जण देशभक्तीचा आधार घेतला म्हणून टीका करतात, ती मला अर्धीच पटते, कारण परदेशी मंचावर आपला ठसा दाखवण्याची ओढ या ग्रुप्समध्ये खरोखरच असते, फक्त तिथे नाचापेक्षा पार्श्वसंगीत जास्त बोलते.

प्रभुदेवांबद्दल मात्र दोन मते मी ऐकलेली नाहीत. ‘हॅपी आवर’ या गाण्यात त्यांचे खांदे आणि मनगटे ज्या सहजतेने ताल पकडतात ते मी आजही नव्या बॅचला दाखवतो.

तुमच्या मुलाला आवडतो तर त्याला पाचव्यांदाही पाहू द्या. नंतर त्याच्याबरोबर बसून ज्यांच्यावरून चित्रपट बेतला त्या सुरेश मुकुंद यांच्याच ‘द किंग्ज’ या ग्रुपचे २०१९ च्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ या अमेरिकी स्पर्धेतले नृत्य पाहा. तिथे त्यांना अंतिम फेरीत शंभरपैकी शंभर गुण मिळाले आणि दहा लाख डॉलरचे पारितोषिकही. मंच पूर्ण दिसतो अशा जागी व्हिडिओ थांबवा आणि मुलाला विचारा की पुढच्या काउंटवर कोण कुठे जाईल.