लेकीला आर्ट शिकायचंय, आणि घरात रोज वाद

प्रश्न: आम्ही अमेरिकेत न्यू जर्सीत, एच वन बी ह्या नोकरीच्या व्हिसावर. लेक अकरावीत आहे, तिला लिबरल आर्ट्स कॉलेजात स्टुडिओ आर्ट आणि आर्ट हिस्टरी दोन्ही करायचंय. हे म्हणतात, कम्प्युटर सायन्स घे, चित्रं काय सुट्टीतही काढता येतात. जूनमध्ये ती पुण्याला आजीकडे येतेय. काय करू?

उत्तर: ताई, ह्यांना आधी सांगा की लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे आर्ट स्कूल नव्हे, तिथे सगळेच विषय असतात. आपल्याला आर्ट म्हटलं की टिळक रोडचं अभिनव नाहीतर मुंबईचं जेजे आठवतं, पण अमेरिकेत बीएफएला, म्हणजे आर्ट स्कूलच्या डिग्रीला, साधारण तीनातले दोन हिस्से क्रेडिट्स आर्टची असतात आणि लिबरल आर्ट्सच्या बीएला जेमतेम एक ते दीड, उरलेल्यात ती केमिस्ट्री घेऊ दे, इकॉनॉमिक्स घेऊ दे. केमिस्ट्री उगाच नाही म्हणत, जुन्या चित्रांच्या कॉन्झर्वेशनचं (जतन-दुरुस्तीचं) मास्टर्स करायचं तर केमिस्ट्री, आर्ट हिस्टरी आणि स्टुडिओ तिन्ही मागतात.

आर्ट हिस्टरी म्हणजे सनावळ्या पाठ करणं नव्हे, एकाच चित्राकडे तासभर बघून त्यावर पानंच्या पानं लिहायची असतात. म्हणून रँकिंगपेक्षा कॉलेजचं म्युझियम बघा. ओबर्लिन कॉलेजला मुलं १९४० च्या दशकापासून ॲलन म्युझियममधली खरी चित्रं किरकोळ भाड्यात सेमिस्टरभर खोलीत लावतात, विल्यम्स कॉलेजच्या तर गावातच क्लार्क इन्स्टिट्यूट हे आर्ट म्युझियम आहे.

आता खरी अडचण, आणि ती आर्टची नाहीच. ग्रीन कार्ड आलं नाही तर २१ व्या वर्षी लेकीचं एच फोर (तुमच्या व्हिसावर मिळालेला मुलांचा व्हिसा) संपणार, मग एफ वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा, आणि डिग्रीनंतर ओपीटी, म्हणजे नोकरी करायची परवानगी, १२ महिने. पुढचे २४ महिने स्टेमवाल्यांनाच, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्सवाल्यांना. दुसरं मेजर (मुख्य विषय) स्टेम असेल आणि नोकरी त्यातली असेल तर ते मिळू शकतात, म्हणजे ह्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, फक्त कारण चुकीचं देतायत! शिवाय एच फोरवरच्या मुलांना बरीच कॉलेजं फायनान्शियल एडसाठी इंटरनॅशनल धरतात, प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं त्यावर जाऊ नका.

पुण्यात तिला फोटोवरून पोर्ट्रेट काढायला शिकवणाऱ्या क्लासला अजिबात घालू नका प्लीज. पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या निवडक कामांत, समोर बघून काढलेलं काम हवं असतं. केळकर म्युझियमचे दिवे, अडकित्ते बघून स्केचेस करू दे (आत बसून काढायला परवानगी विचारून घ्या), जंगली महाराज रोडवर पाताळेश्वरचं लेणं आहे, आठव्या शतकातलं, आणि रिक्षाने जाता येतं. लोकलने मळवलीला उतरून भाज्याची लेणीपण होतात, फक्त पावसात पायऱ्या निसरड्या असतात, एकटीला पाठवू नका. पोर्टफोलिओ बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ऐच्छिक असतो, त्यामुळे तिच्या स्कूलच्या आर्ट टीचरला आधी दाखवा, आणि त्या हो म्हणाल्या तरच पाठवा.