'स्वातंत्र्य' तीन घरांत कसं मावतं?

एका ताईंनी विचारलंय की रविवारच्या पुरवणीतल्या शब्दकोड्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द तीन घरांत भरायचा होता, त्यांचा इंग्रजी माध्यमातला मुलगा म्हणतो हे चूक आहे, स, व, त, त, र, य एवढी अक्षरं तर नुसती मोजूनच दिसतायत. मग जोडाक्षर एक धरायचं की दोन? आणि त्याच कोड्यात 'दऱ्या' आणि 'दिनचर्या' एकमेकांना छेदत होते ते बरोबर का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, एकच. मुलगा मोजतोय ती व्यंजनं, आणि कोड्याचं घर असतं अक्षराचं. स्वर जिथे येऊन टेकला तिथे एक अक्षर पुरं झालं, मग त्याच्या आधी व्यंजन एक असो नाहीतर तीन. म्हणून स्वा-तं-त्र्य, तीन घरं. आपल्याकडे ओवी-अभंग याच हिशोबाने मोजत आलेत, मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत ६-६ अक्षरं आणि चौथ्यात ४, तिथेही जोडाक्षर एकच धरतात. त्यामुळे 'ज्ञानेश्वर' आणि 'तुकाराम' दोघंही बरोब्बर चार घरांत बसतात, आणि 'पर्वती' नि 'डेक्कन' तीन-तीन घरांत. कॉम्प्युटरला मात्र हे असं कळत नाही, तो काना, अनुस्वार, पाय मोडायची खूण सगळं सुटं धरतो आणि त्याच्या लेखी 'स्वातंत्र्य' ११ चिन्हांचा होतो.

आता खरी गंमत. इंग्रजीत घरात येऊ शकणारी अक्षरं २६, आपल्याकडे क ते ळ ३४ व्यंजनं आणि त्यांची बाराखडी केली की ४०० च्या वर, जोडाक्षरं तर अजून धरलीच नाहीत. तिकडे अमेरिकन क्रॉसवर्डमध्ये प्रत्येक घर आडव्या शब्दातही लागतं आणि उभ्यातही, आपल्याकडे तसं कोणी रचायला बसला तर डोकंच फिरेल, म्हणून मराठी कोड्यात काळे चौकोन जास्त. (तिकडे १९७८ पासून क्रॉसवर्डची मोठी स्पर्धा भरते, २०२१ मध्ये 'डॉ. फिल' नावाच्या प्रोग्रॅमने त्यात सगळ्या माणसांपेक्षा जास्त गुण मिळवले. त्याला एकदा आपलं ऱ्हस्व-दीर्घ द्यायला हवं.)

कारण छेदणाऱ्या घरात व्यंजन जुळून भागत नाही, मात्राही जुळावी लागते. आडवा शब्द 'कवी' असेल तर त्याच्या 'वी'वरून 'विमान' खाली उतरवता येत नाही, 'वीज' किंवा 'वीणा' चालेल. पण आडवा 'कविसंमेलन' असेल तर तिथे ऱ्हस्व 'वि' आहे, मग विमान खुशाल उतरवा. यातून सोडवणाऱ्याला एक फुकटची चावी मिळते बघा, मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घच लिहितात, 'आणि', 'नि', 'परंतु', 'तथापि' असले मोजके सोडले तर. म्हणजे आडव्या शब्दाच्या शेवटच्या घरात इकार आहे एवढं कळलं की तिथून जाणाऱ्या उभ्या शब्दातही तो दीर्घच हवा, निम्मे अंदाज तिथेच गळतात. अप्पा बळवंत चौकातून शब्दकोड्यांचं पुस्तक घेताना मी तरी आधी मागची उत्तरं उघडतो आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट पाळलेत का ते बघतो, त्यात ढिलाई असली तर पुस्तक जागच्या जागी परत ठेवतो. उगाच कशाला डोक्याला ताप.

राहिली 'दऱ्या'ची भानगड. तिथे ताई, चूक रचणाऱ्याचीच आहे. 'र्या' आणि 'ऱ्या' ही दोन वेगळी अक्षरं, उच्चारही वेगळा. 'दिनचर्या'मध्ये रफार आहे, म्हणताना 'च'वर आघात येतो. 'दऱ्या' म्हणताना 'द'वर असा जोर पडत नाही. म्हणूनच 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, किंवा 'आचार्यांना' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यांना' पंगतीचा मेनू सांगायचा. 'डोंगरांमधल्या खोल जागा' ही सूचना बदलून नुसतं 'समुद्र' लिहिलं असतं तर 'दर्या' आला असता आणि 'दिनचर्या' जशीच्या तशी राहिली असती, बाकी एक घरही हलवावं लागलं नसतं.