कत्तलखान्यात दातांवरून जनावराचे वय कॅमेऱ्याने ठरवता येईल का?

आपला प्रश्न असा आहे की, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षासाठी शेळ्या-मेंढ्यांच्या दातांच्या छायाचित्रांवरून वय सांगणारी प्रणाली तयार करायची आहे, तर ती कत्तलखान्यात चालेल का आणि ९५ टक्के अचूकता पुरेशी मानावी का. मी पशुवैद्यक आहे. उदगीरला शिकलो आणि पुढे काही वर्षे मराठवाड्यातच मांस तपासणीचे काम केले. माझ्या मते ती चालेल, मात्र यंत्राला वय विचारू नका. कायमचे दात किती आले आहेत, एवढेच विचारा.

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गोऱ्ह्याचा सौदा करताना कोणी त्याचे वय महिन्यांत सांगत नाही. जनावर आदत (एकही कायमचा दात न आलेले) असते, दोन दाती असते, चार दाती, सहा दाती किंवा जुळलेले (आठही दात कायमचे आलेले) असते, आणि आमचे शास्त्रही या भाषेच्या फार पुढे गेलेले नाही. शेळीच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे फक्त कठीण हिरडी असते. खाली आठ दात असतात. दुधाची मधली जोडी पडून कायमची रुंद जोडी साधारण एक ते सव्वा वर्षाच्या सुमारास येते, दुसरी दीड ते दोन वर्षांत, तिसरी दोन ते तीन वर्षांत आणि चौथी त्यानंतर चौथ्या वर्षापर्यंत. जात, चारा आणि त्या जनावराची स्वतःची वाढ यांनुसार हे महिने मागेपुढे होतात. म्हशीला तर पहिलीच जोडी अडीच ते तीन वर्षांनी येते, त्यामुळे शेळीवर शिकवलेले यंत्र म्हशीसाठी वापरता येणार नाही. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: दोन महिन्यांच्या करडालाही आठ दात असतात आणि चार वर्षांच्या शेळीलाही आठच असतात, म्हणून दात मोजणाऱ्या यंत्राचा काही उपयोग नाही, अरुंद दुधाचा दात आणि रुंद कायमचा दात यांतला फरक त्याला कळला पाहिजे.

आपल्याकडच्या कायद्यात दातांचा उपयोग किती, हेही पाहून घ्या. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार तीन महिन्यांखालील जनावर कापता येत नाही. पण त्या वयात पुढचे सगळे दात दुधाचेच असल्यामुळे ही मर्यादा पुढच्या दातांवरून दिसतच नाही. त्याच नियमांत एका पशुवैद्यकाने तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत असेही आहे, म्हणजे एका जनावरामागे पाच मिनिटे मिळतात. या वेगाला यंत्राची गरज वेळ वाचवण्यासाठी नाही. प्रत्येक जनावराची छायाचित्रासह नोंद राहावी, यासाठी आहे.

खरी निकड परदेशातल्या मोठ्या कारखान्यांत निर्माण झाली. गायींच्या मेंदूच्या रोगामुळे अमेरिकेने २००४ पासून ३० महिने आणि त्यावरील जनावरांचे मेंदू, डोळे, मज्जारज्जू वगैरे भाग मानवी आहारातून वगळले, आणि कागदपत्र नसेल तेथे कायमच्या दातांच्या दुसऱ्या जोडीतला एक जरी दात हिरडीबाहेर आला असेल तर जनावर ३० महिन्यांचे धरायचे ठरवले. जपानने मात्र २०१३ पर्यंत अमेरिकी मांसासाठी २० महिन्यांची अट ठेवली होती आणि त्या वयाला दातांत कोणतीच ठळक खूण नसल्यामुळे जन्मनोंद किंवा हाडांची पक्वता पाहावी लागत असे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१९ पासून कोकराची व्याख्या बदलली: कायमचा दात नुसता फुटून चालत नाही, तो वर येऊन चावायच्या कामाला लागलेला असला तरच कोकरूपण संपते. आपण छायाचित्रांवर फक्त महिने लिहून ठेवले असतील, तर असा नियम बदलल्यावर सगळे काम पुन्हा करावे लागेल.

कॅमेऱ्याची जागा कत्तलीनंतर, मुंडके तपासणीच्या टप्प्यावर ठेवा. जिवंत बोकडाचे तोंड उघडायचे तर दातांच्या मागच्या मोकळ्या जागेतून बोट घालावे लागते, अंगठ्याने खालचा ओठ ओढावा लागतो, आणि तेवढ्यात तो मान झटकतो. मुंडके ठराविक अंतरावर टांगता येते, दातांवरचे रक्त व चघळलेला पाला पाण्याच्या फवाऱ्याने काढता येतो. ओल्या दातांवर प्रकाश चमकतो, म्हणून दिव्यावर पांढरा पडदा लावावा. मात्र लहान कत्तलखान्यांत मुंडक्यांचा ढीग एकीकडे आणि धडे दुसरीकडे जातात. कोणते मुंडके कोणत्या धडाचे, हा क्रमांक टिकला नाही तर सर्वोत्तम प्रणालीही निरुपयोगी आहे, आणि माझ्या पाहण्यात बहुतेक प्रयत्न येथेच फसतात.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात ट्यूबलाइटच्या उजेडात एक उस्मानाबादी बोकड मी दोन दाती म्हणून लिहिला. शेजारी उभे असलेले वयस्कर खाटीक म्हणाले, "साहेब, नुसते बघू नका, बोट फिरवा." बोट फिरवल्यावर कळले की दुधाचा एक दात मोडून त्याचा बुंधा राहिला होता आणि शेजारचा दात त्यामुळे रुंद वाटत होता. कॅमेऱ्याला बोट नाही, म्हणून मोडलेले, किडलेले आणि खडकाळ रानात चरून झिजलेले दात यंत्राला शिकवायच्या छायाचित्रांच्या संचात मुद्दाम भरपूर घ्या.

आता ९५ टक्क्यांविषयी. शंभरांपैकी नव्वद बोकड आदत असतील, तर डोळे मिटून सगळ्यांना आदत म्हणणारे यंत्रही ९० टक्के बरोबर ठरते. चुका होतात त्या दुधाचा दात पडून नवा जेमतेम डोकावत असताना, म्हणून अचूकता या सीमेवरच्या जनावरांपुरती वेगळी मोजा. थोराला लहान म्हणण्याची चूक आणि लहानाला थोर म्हणण्याची चूकही वेगवेगळी मांडा, कारण तीस महिन्यांसारख्या नियमात पहिली ग्राहकाच्या आरोग्यावर बेतते, दुसरीत फक्त पैसे जातात. प्रत्येक छायाचित्र दोन जाणकारांना एकमेकांचे उत्तर न दाखवता द्या. ज्यांवर त्यांचे मतभेद होतील ती शिकवण्यात वापरू नका, बाजूला ठेवा आणि त्यांवर यंत्र "सांगता येत नाही, पशुवैद्यकाला दाखवा" असे म्हणते का, ते तपासा.