पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाहून आलेली पणजोबांची मोडीतली पत्रं कशी वाचावीत?

मेसोपोटेमियाहून (आजच्या इराकमधून) आलेली, ट्रंकेत सापडलेली पत्रं कशी वाचायची आणि पणजोबांची आणखी पत्रं कुठे मिळतील, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मजकुराआधी पाकीट वाचा. सेन्सॉरमुळे शिपाई पत्रात ठिकाण सहसा लिहीत नसे. पंचम जॉर्जच्या तिकिटावर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स) अशी काळी छपाई असेल, तर ते युद्धावर गेलेल्या भारतीय फौजेचं तिकीट. शिक्क्यात एफ.पी.ओ. (फील्ड पोस्ट ऑफिस) आणि आकडा दिसतो. हे टपाल ऑफिस फौजेबरोबर हलायचं, म्हणून आकडा आणि तारीख जोडीनेच टिपा. तिकीट सोलून काढू नका, त्याबरोबर अर्धा शिक्का जातो.

पलटणीचा नंबर जुना असेल. १९२२ मध्ये मराठा पलटणींना नवे नंबर मिळाले: १०३ ची पहिली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, ११४ ची दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहिताना दोन्ही नंबर द्या. पणजोबा १०३, ११० किंवा ११७ मध्ये असतील आणि ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातलं एकही पत्र नसेल, तर ते बहुधा मेसोपोटेमियातल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होते. वेढ्यातून टपाल निघत नव्हतं.

आता मोडी. सुरुवात मायन्यापासून करा: 'तीर्थरूप', 'वडिलांचे सेवेसी', 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'. हे शब्द ठरलेले, त्यामुळे त्यांच्यावरून लिहिणाऱ्याची अक्षरं ओळखू येतात. मग तीच अक्षरं पुढे शोधा. मोडीत शब्द सलग येतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. 'पाणि' की 'पाणी' यात अडकू नका. दोन पत्रांत हस्ताक्षर वेगळं दिसलं म्हणून पत्र खोटं ठरत नाही. लिहिता न येणारे जवान दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे.

मनीऑर्डरच्या आकड्यांत घोळ होतो. '७॥' म्हणजे साडेसात रुपये: प्रत्येक उभी रेघ चार आण्यांची. ती दंड समजून सोडली तर रक्कम चुकते. शिपायाचा मूळ पगार महिना ११ रुपये होता, हे लक्षात घेतलं की साडेसात रुपये घरी धाडणं म्हणजे काय ते समजतं.

कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर नकोच. तिचा डिंक शाई खातो. घडी ताठ झाली असेल तर जबरदस्तीने उलगडू नका. खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, पुसट अक्षरं उठून दिसतात.

आणखी पत्रांबाबत फार आशा ठेवू नका. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सेन्सॉरचे अहवाल आहेत, पण ते मुख्यतः फ्रान्समधल्या फौजेचे, आणि त्यात पत्रांचे इंग्रजी उतारेच आहेत. मूळ पत्रं पुढे गावी गेली. पणजोबा खडकीच्या सॅपर्समध्ये (फौजेच्या इंजिनिअर दलात) असतील तर मात्र जरूर पाहा: त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ मध्ये फ्रान्समध्ये लढल्या.