मिलिटरी डिस्पोजलचा उरल (सहा चाकांचा रशियन लष्करी ट्रक) घेतलाय, रात्रीतून तीन टायर बसतात. सहाही चाकांचे एअर सील बदलावे लागतील का?

नाही. निदान आज तरी हब (चाकाचा मधला भाग) खोलू नका.

तुम्ही लिहिलंय की लिलावातला जुना उरल-375 वाडीच्या प्लॉटवर उभा आहे, सकाळी डावीकडचे दोन आणि उजवीकडचा मागचा असे तीन टायर बसलेले असतात. इंजिन चालू ठेवून कॅबिनमधून हवा भरायला घेतली तर काटा 2 च्या (किलो दर चौरस सेंटिमीटर, पुढे नुसतं किलो) पुढे सरकत नाही, आणि मिस्त्री म्हणतो सगळं खोलू. मी फौजेत गाड्यांचाच मेकॅनिक होतो, आता कामठी रोडला लहानसं वर्कशॉप आहे. अशाच एका गाडीचे सहाही हब मी उत्साहानं खोलले होते. चार दिवस गेले आणि गळती निघाली चाकावरच्या एका हवेच्या नळाच्या पॅकिंगमध्ये, जी पान्याच्या अर्ध्या फेऱ्यात बंद झाली. म्हणून सांगतो.

अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, भाऊ. या गाडीत कंप्रेसरची हवा आधी ब्रेकच्या टाकीत जाते. तिथून कॅबिनमधल्या व्हॉल्व्हला, मग चेसिसच्या पाइपांनी हबपर्यंत, हबातल्या सीलमधून फिरत्या चाकाकडे, आणि शेवटी चाकावरच्या छोट्या नळातून टायरमध्ये. कॅबिनचा व्हॉल्व्ह मधल्या जागेवर ठेवला तरी सहा टायर आपसांत जोडलेलेच राहतात. म्हणजे एक गळलं की हळूहळू सहाही बसायला हवेत. तुमचे तीनच बसतात. याचा अर्थ उरलेल्या तीन चाकांचे नळ कुणीतरी बंद करून ठेवलेत किंवा ते गंजानं चोंदलेत. आणि बसणाऱ्या तिघांत खरा गळका बहुतेक एकच आहे, बाकीचे दोघे त्याच्या संगतीनं बसतात.

हे तपासायला पान्याचीही गरज नाही. तिन्ही टायर सारखे भरा, त्यांचे नळ हातानं बंद करा आणि साध्या गेजनं प्रत्येकाचं प्रेशर खडूनं टायरवरच लिहून ठेवा. सकाळी पुन्हा मोजा. नळ बंद असूनही जो उतरला, त्याचा टायर, ट्यूब किंवा खुद्द नळ खराब. तिघंही टिकले, तर दोष नळाच्या अलीकडे, म्हणजे पाइप किंवा सीलमध्ये. मग एकेक नळ उघडून ऐका. गाडी लांब उभी ठेवायची तर हे नळ बंदच करायचे असतात, पण मालक बदलला की ही गोष्ट नव्या मालकाला कुणी सांगत नाही.

मोजायची वेळ मात्र पाळा. पहाटे 25 अंशांत 3.2 भरलं आणि दुपारी टायर 45 अंशांवर गेला, तर हवा न भरताही गेज साडेतीनच्या जवळ दाखवतो. आपल्याकडच्या मे महिन्यात संध्याकाळी भरून पहाटे मोजलं तर पाव किलो कमी दिसणारच, ती गळती नव्हे. (हवावाल्याला पौंड कळतात, 3.2 म्हणजे साधारण 45.)

आता तो 2 वर अडकणारा काटा. आधी ब्रेकच्या हवेचा गेज बघा. ब्रेक रिकामे होऊ नयेत म्हणून या गाडीत एक व्हॉल्व्ह असतो, टाकीतलं प्रेशर साडेपाचच्या आसपास खाली आलं की तो टायरची हवा तोडतो. तेव्हा ब्रेकचा गेजच वर चढत नसेल तर दोष कंप्रेसरकडे आहे, चाकांत शोधू नका. टाकी नीट भरलेली असूनही टायरचा काटा अडकला, तरच गळती तेवढी मोठी समजा. आणि भरताना काटा पाइपातलं प्रेशर दाखवतो, टायरमधलं नाही. कॅबिनचा व्हॉल्व्ह मधल्या जागेवर आणून मिनिटभर थांबा, मग वाचा.

बाहेरचे सगळे जोड आणि नळाची मान निरम्याच्या फेसानं तपासा. फेस कुठेच फुगत नाही आणि हबाला कान लावला की आतून सुस्कारा येतो, तेव्हा सील गेलं समजा. हवा अ‍ॅक्सलमध्ये शिरून ब्रीदरमधून (अ‍ॅक्सलची हवा बाहेर सोडणाऱ्या छोट्या तोटीतून) फुसफुसत असेल तर शंकाच उरत नाही. उभ्या गाडीत टिकणारं सील फिरताना गळू शकतं, म्हणून चाक जॅकवर घेऊन हातानं फिरवत ऐका. बाकीच्या चाकांना आधी ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा.

सील बदलायची वेळ आलीच तर दुकानातून फक्त मापानं ऑइल सील आणू नका. साधं ऑइल सील तेल थोपवायला केलेलं असतं, अर्ध्या किलोच्या वर त्याचा ओठ उलटतो. इथं तर तीन किलो आहे. दाबाचं सील मागा आणि ओठ हवेच्या बाजूला तोंड करून बसवा. शाफ्टवर जुन्या ओठानं पाडलेली खाच नखाला लागते का तेही बघा. लागली तर नवं सीलही महिन्याभरात गळेल, आधी शाफ्टवर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवून घ्या.

चाक उतरवावं लागलं तर टायरमधली हवा पूर्ण सोडल्याशिवाय लॉकिंग रिंगला (टायर रिमवर अडकवून ठेवणाऱ्या कड्याला) हात लावू नका, मिस्त्री कितीही घाईत असो.

उजवीकडच्या मागच्या चाकापासून सुरुवात करा. ते एकटंच त्या बाजूला बसतंय, माझा पहिला संशय त्याच्यावर आहे. खडूनं लिहिलेले आकडे इथं टाका, मग पुढचं बोलू.