एनआयएचचं पुरवणी अनुदान आणि भ्रूणीय स्टेम सेल : अर्ज पेशींच्या वेळापत्रकावरून लिहा

प्रश्न असा आहे : अमेरिकेत एनआयएचच्या (राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या) एनआयएनडीएस या मेंदूविकारांच्या शाखेची आर-०१ ग्रँट (संशोधन अनुदान) चालू आहे. पार्किन्सन्समध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) का बिघडतात हा विषय, सगळं काम उंदरांच्या न्यूरॉन्सवर (चेतापेशींवर), आणि मुदत संपायला १८ महिने उरलेत. तीच मोजमापं मानवी भ्रूणीय स्टेम सेलपासून (भ्रूणातून काढलेल्या, कोणत्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या पेशींपासून) तयार केलेल्या डोपामिन न्यूरॉन्सवर करायची आहेत. पुरवणी अनुदान मिळेल का आणि अर्जात काय लागतं?

मागता येईल, आणि जरूर मागा. मात्र अशा अर्जांमध्ये पैशाआधी वेळ कमी पडतो, हे आधीच लक्षात घ्या. प्रयोगांची यादी करून ती पुरवणीच्या बारा महिन्यांत कोंबू नका. पेशी वाढायला किती आठवडे घेतात ते आधी मांडा आणि त्यात जेवढं बसतं तेवढंच मागा. अर्ज वाचणाऱ्यांनाही हे गणित कळतं.

आधी प्रकार ठरवा. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह सप्लिमेंट म्हणजे चालू ग्रँटच्या मंजूर कार्यकक्षेतच जास्तीचे पैसे. त्याला स्टडी सेक्शनचं (बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीचं) परीक्षण नसतं, निर्णय एनआयएनडीएसचे अधिकारी घेतात. कार्यकक्षा वाढत असेल तर कॉम्पिटिंग रिव्हिजन लागते, तिचं पूर्ण परीक्षण होतं आणि उरलेल्या १८ महिन्यांत ते परवडणारं नाही. म्हणून अर्जाचं पहिलंच वाक्य तुमच्या मूळ एमला (अर्जातल्या उद्दिष्टाला) बांधलेलं हवं : ‘एम २ मधलं मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनक्षमतेचं मोजमाप त्याच पद्धतीने मानवी न्यूरॉन्सवर करू.’ ‘स्टेम सेलचा नवा मंच उभारू’ असं लिहिलंत, तर कार्यकक्षा वाढल्याचं तुम्हीच कबूल करून बसाल. सप्लिमेंटमुळे मूळ ग्रँटची मुदत वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आता सेल लाइन, म्हणजे एका भ्रूणातून काढून प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींचा वंश. एनआयएचच्या पैशांतून फक्त त्यांच्या रजिस्ट्रीवरची (मान्य लाइन्सच्या यादीतली) लाइन वापरता येते. याचं मूळ जुनं आहे. विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये पहिल्या मानवी भ्रूणीय लाइन्स काढल्या. ९ ऑगस्ट २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्या तारखेआधी काढलेल्या लाइन्सवरच केंद्राचा पैसा खर्च होईल असं जाहीर केलं. कागदावर साठाहून अधिक लाइन्स पात्र होत्या, पण संशोधकांच्या हाती प्रत्यक्षात वीस-बावीसच आल्या. चालू ग्रँटवर पुरवणी देऊन न्यूरॉलॉजीच्या प्रयोगशाळांना या पेशी हाताळायला लावायची कल्पना त्याच काळातली. ९ मार्च २००९ च्या ओबामांच्या आदेशानंतर तारखेची अट गेली आणि ७ जुलै २००९ पासून नवी मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली. भ्रूण नष्ट करणाऱ्या संशोधनाला केंद्राचा पैसा नाकारणारी डिकी-विकर तरतूद मात्र तशीच आहे, त्यामुळे भ्रूणापासून नवी लाइन काढण्यावर केंद्राचा एक डॉलरही खर्च होत नाही.

तुमच्यासाठी एच९ ही लाइन सोयीची. रजिस्ट्रीत ती डब्ल्यूए०९ नावाने आहे, क्रमांक एनआयएचएचईएससी-१०-००६२. डोपामिन न्यूरॉन्सच्या बऱ्याच पद्धती याच लाइनवर बसवलेल्या आहेत. एच९ मध्ये जनुकीय बदल करून केलेली उपलाइन घेतलीत तरी मूळ लाइनचा क्रमांक लिहावा लागतो. दुसरी एखादी लाइन घ्यायची असेल, तर रजिस्ट्रीतल्या तिच्या नोंदीखालचा अटींचा रकाना शेवटपर्यंत वाचा. हार्वर्डच्या २७ लाइन्स डिसेंबर २००९ मध्ये मान्य झाल्या तेव्हा दात्यांच्या संमतिपत्रामुळे त्यांचा वापर मधुमेहाशी निगडित संशोधनापुरता मर्यादित होता. अशी लाइन पार्किन्सन्सच्या अर्जात लिहिली, तर क्रमांक खरा असूनही अर्ज अडकतो. फॉर्ममध्ये ‘विशिष्ट लाइन सध्या सांगता येत नाही’ असा चौकोन आहे. सप्लिमेंटसाठी त्यावर खूण करू नका. बारा महिन्यांच्या कामात लाइनच ठरलेली नसेल, तर वाचणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो.

आता वेळापत्रक. एच९ मॅडिसनच्या वायसेल या पेशी-बँकेकडून मिळते, पण त्याआधी मटेरियल ट्रान्सफर करार (पेशी कोणत्या अटींवर द्यायच्या याचा) लागतो आणि त्यावर सही तुमची नाही, संस्थेची असते. हे आठवड्यांचं काम कधीकधी महिन्यांवर जातं. पैसे मंजूर व्हायची वाट न बघता करार आत्ताच सुरू करा. तुमच्या संस्थेत भ्रूणीय पेशींची देखरेख समिती असेल तर तिथलाही अर्ज सोबतच टाका.

व्हायल (गोठवलेल्या पेशींची कुपी) आली की द्रव नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, आत बर्फाचा छोटा खडा उरला की बाहेर काढायची आणि मीडिया (पेशींचं पोषकद्रव) थेंबाथेंबाने घालायचा. घाईने ओतला तर झटक्याने बदललेल्या ऑस्मोटिक दाबाने पेशी फुटतात. पहिले २४ तास १० मायक्रोमोलर वाय-२७६३२ (पेशींना तगवणारं रसायन) ठेवा, मग काढून टाका. दुसऱ्या दिवशी मेलेल्या पेशींचा थर तरंगताना दिसतो, तो बघून प्लेट फेकू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी कडा स्वच्छ असलेल्या चपट्या वसाहती दिसायला लागतात. इथपासून स्थिर वाढीला दोन-तीन आठवडे आणि २०-३० व्हायल्सची बँक भरेपर्यंत एकूण सहा आठवडे धरा. कॅरिओटाइपचा (गुणसूत्रांच्या तपासणीचा) अहवाल यायला आणखी दोन-तीन. म्हणजे पहिलं डिफरन्शिएशन (स्टेम सेलचे न्यूरॉन करणं) नवव्या आठवड्याच्या आसपास.

कॅरिओटाइपवर जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या विषयात हीच चूक सर्वांत महागात पडेल. या पेशी कल्चरमध्ये काही ठरावीक गुणसूत्रभाग जास्तीचे मिळवतात : १२, १७, १क्यू, एक्स आणि विशेषतः २०क्यू११.२१. हा शेवटचा भाग इतका छोटा असतो की जी-बँडिंगने (गुणसूत्रं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघून) २० मेटाफेज, म्हणजे विभाजनातल्या पेशी, मोजूनही तो निसटतो. त्यात बीसीएल२एल१ जनुक आहे, त्याचं प्रथिन मायटोकॉन्ड्रियाच्या पटलावर बसून पेशीचं मरण टाळतं. म्हणजे तुमच्या बँकेत हा बदल शिरला, तर तुम्ही जे मोजायला निघालात तेच आधीपासून बिघडलेलं असेल, आणि पेशी मात्र जोमदार दिसतील. अशा पेशी चेतापेशींच्या दिशेने वळायलाही कुरकुर करतात. म्हणून जी-बँडिंगबरोबर २०क्यूसाठी क्यूपीसीआर किंवा फिश (ठरावीक डीएनए-भाग शोधणाऱ्या चाचण्या) वेगळं करा, बँक भरल्यावर एकदा आणि नंतर दर १० पॅसेजला (पेशी नव्या प्लेटमध्ये वाटण्याच्या फेऱ्यांना). एसटीआर ओळखचाचणी आणि महिन्याला मायकोप्लाझ्मा या जिवाणूची तपासणी हे तर आहेच. हे सगळं मुख्य जैविक साधनांच्या प्रमाणीकरणाच्या जोडपत्रात तारखांसह लिहा.

डिफरन्शिएशनमध्ये ड्युअल स्मॅड इन्हिबिशनने (दोन संदेशमार्ग रोखून पेशी चेतापेशींकडे वळवून) सुरुवात, मग सॉनिक हेजहॉगचा संदेशमार्ग चालू करून फ्लोअर प्लेट (घडत्या मेंदूचा तळाचा पट्टा), आणि सीएचआयआर९९०२१ हे रसायन देऊन मिडब्रेन (मेंदूचा मधला भाग). खरी मेख सीएचआयआरच्या मात्रेत. किंचित कमी पडली तर पेशी पुढच्या मेंदूकडे सरकतात, जास्त झाली तर मागच्या. छापील मात्रा जशीच्या तशी चालेल असं धरू नका. लाइन, मीडिया आणि रसायनाचा लॉट बदलला की ती बदलते. पहिली फेरी फक्त तीन-चार मात्रा तपासण्यासाठी ठेवा. सोळाव्या दिवशी फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए ही ओळख पटवणारी प्रथिनं एकाच पेशीत दिसायला हवीत, सोबत ओटीएक्स२ आणि ईएन१, आणि पॅक्स६ जवळजवळ नको. फक्त टीएच (डोपामिन बनवायला लागणारं एन्झाइम) रंगलं म्हणून खूश होऊ नका, टीएच दाखवणारे न्यूरॉन मेंदूच्या इतर भागांतही असतात.

न्यूरॉन पंचविसाव्या दिवसापासून दिसतात, पण श्वसनाचं मोजमाप साठाव्या दिवसाच्या आसपास धरा. आता बेरीज : बँक आणि तपासणी ९ आठवडे, मात्रेची फेरी ४, मग दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने सुरू केलेल्या तीन स्वतंत्र बॅचेसना आणखी १३. एकूण २६. एखादी बॅच फुकट गेली, नियंत्रण लाइन सोबत चालवली आणि विश्लेषण धरलं, तर वर्ष भरलं. यात उंदरांत किंवा रॅट्समध्ये प्रत्यारोपण बसत नाही. मानवी डोपामिन न्यूरॉन हळू पिकतात, ६-ओएचडीए (डोपामिन न्यूरॉन मारणारं रसायन) दिलेल्या रॅट्सच्या वर्तनात फरक दिसायला चार-पाच महिने लागतात, शिवाय प्राणी समितीची नवी मंजुरी लागेल. तो भाग पुढच्या ग्रँटसाठी ठेवा.

बजेटमध्ये लोक मीडिया कमी धरतात. सहा-वेल प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये २ मिलि, म्हणजे एका प्लेटला रोज १२ मिलि. दोन प्लेट्स कायम चालू ठेवल्या तर ५०० मिलिची बाटली २० दिवसांत संपते, वर्षाला १८ बाटल्या. आणि हा फक्त सांभाळण्याचा खर्च. रोज बदलण्याचा मीडिया असेल तर शनिवार-रविवारही कोणीतरी हवं, त्यामुळे एक अर्धवेळ तंत्रज्ञ दाखवून भागत नाही. दोन जणांचा अंशतः वेळ दाखवा. अप्रत्यक्ष खर्च विसरू नका : संस्थेचा दर समजा ५५ टक्के असेल, तर १ लाख डॉलरच्या थेट खर्चाला एकूण १ लाख ५५ हजार लागतात. नवा इन्क्युबेटर मात्र मागू नका, कारण तो कल्चरसाठी गरजेचाच असेल तर मूळ ग्रँटमध्ये का नव्हता, हा प्रश्न येतोच.

हे सगळं लिहायला बसण्याआधी एनआयएनडीएसमधल्या तुमच्या ग्रँटच्या प्रोग्राम ऑफिसरला मेल करा. ग्रँट क्रमांक, कोणता एम, लाइनचं नाव आणि रजिस्ट्री क्रमांक, थेट खर्चाचा अंदाज, आणि बारा महिन्यांचा आठवडेवार तक्ता, बस एवढंच. एनआयएनडीएस या वर्षी असे अर्ज घेते का, पानांची मर्यादा किती आणि भ्रूणीय पेशींबद्दलची चालू सूचना कोणती, हे तीन प्रश्न त्यातच विचारा. अनुदान मिळालं तर पुढच्या वार्षिक प्रगती अहवालातही स्टेम सेलच्या रकान्यात तोच क्रमांक भरायचा आहे, तो ग्रँट ऑफिसला आत्ताच कळवून ठेवा.